बी.एड. की डी.एड.? फॉर्म भरण्याआधी मूल कोणत्या वयाचं ते ठरवा

बारावीचा निकाल लागला की ओळखीतून फोन सुरू होतात. "ताई, मुलीला शिक्षिका व्हायचंय. बी.एड. करू की डी.एड.?" मी उलट विचारते, "तिला कोणत्या वयाच्या मुलांबरोबर राहायला आवडतं?" पलीकडे बहुतेक वेळा शांतता असते, कारण हा प्रश्न घरात कुणी विचारलेलाच नसतो. सीईटीची तारीख, फी, जवळचं कॉलेज हे सगळं बोलून झालेलं असतं. दिवसाचे सहा तास ज्या मुलांसमोर उभं राहायचं, ती सात वर्षांची आहेत की सतरा वर्षांची, हे तेवढं राहून जातं.

हा फक्त आवडीचा प्रश्न नाही. आपल्याकडे शिक्षकाची पात्रता मुलाच्या वयाप्रमाणे, म्हणजे इयत्तेप्रमाणे ठरते. चुकीच्या वयोगटाची पदवी घेतली तर ती हातात असूनही हव्या त्या वर्गावर उभं राहता येत नाही. बी.एड. झालेल्या हजारो जणांना हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर कळलं. त्यांची दोन-दोन वर्षं आणि आई-वडिलांचे पैसे त्यात गेले होते. तसं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली पायरी : चार दिवस वर्गात मागे बसा

कोणताही फॉर्म भरण्याआधी घराजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या. "मला शिक्षणशास्त्राचा अभ्यास करायचा आहे, चार दिवस वर्गाचं निरीक्षण करण्याची परवानगी मिळावी." जिल्हा परिषदेच्या शाळेत कदाचित केंद्रप्रमुखांना विचारावं लागेल. शाळा चालू असताना जा आणि परिपाठापासून शेवटच्या घंटेपर्यंत बसा. एक दिवस अंगणवाडी, एक दिवस दुसरी-तिसरी, एक दिवस सातवी, एक दिवस नववी. मोबाइल पिशवीत ठेवा आणि एक वही जवळ ठेवा.

वहीत काय लिहायचं? शिक्षक काय बोलले ते कमी, मुलांनी काय केलं ते जास्त. एक उदाहरण देते, म्हणजे नेमकं काय पाहायचं ते कळेल.

एका शिकाऊ शिक्षिकेचा पाठ पाहायला मी तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. फळ्यावर ४२ वजा १७. माझ्या शेजारच्या मुलानं पाटीवर ३५ लिहिलं. बाईंनी फुली मारली, शेजारी २५ लिहिलं आणि त्या पुढे गेल्या. मुलानं ते पुसलं आणि फळ्यावरून २५ उतरवून घेतलं. त्याला मी हळूच विचारलं, "मघाचं कसं केलं होतंस, सांगतोस?" तो म्हणाला, "सातातून दोन गेले पाच. चारातून एक गेला तीन." दोन्ही वजाबाक्या बिनचूक होत्या! मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. बेचाळीस ही एक अख्खी संख्या आहे आणि त्यातून सतरा द्यायचे आहेत, हे मात्र त्याच्या डोक्यात नव्हतं. त्याच्यासाठी ते दोन वेगवेगळे उभे रकाने होते.

मधल्या सुट्टीत त्या शिक्षिकेनं आणि मी काड्या घेतल्या. दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून, आणि दोन सुट्या. "मला सतरा दे." त्यानं एक गठ्ठा दिला. मग दोन सुट्या हातात घेतल्या आणि थांबला. बराच वेळ थांबला. आम्ही काही बोललो नाही. मग त्यानं एका गठ्ठ्याचं रबर काढलं, सात मोजून दिल्या आणि उरलेलं मोजलं : दोन गठ्ठे, पाच सुट्या. "पंचवीस," तो म्हणाला आणि पाटीकडे बघत बसला.

शिक्षणशास्त्र म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हा प्रसंग सांगते. चुकीच्या उत्तरामागचा मुलाचा विचार शोधायचा आणि त्याला स्वतःला तो पडताळता येईल असं काही त्याच्या हातात द्यायचं. बालमानसशास्त्र, अध्यापन पद्धती, मूल्यमापन हे पेपर याच कामाच्या मदतीला आहेत.

तर चार दिवसांत तुमच्या वहीत असं काही उतरलं का ते बघा. छोट्यांच्या वर्गात तुम्हाला गलका नकोसा झाला आणि नववीच्या तासाला प्रकाशाच्या परावर्तनावर मुलांशी बोलताना वेळ कळला नाही, तर तुमची वाट माध्यमिककडे आहे. उलट, काड्यांपाशी थांबलेल्या त्या मुलाबरोबर तुम्हीही श्वास रोखून थांबला असाल, तर प्राथमिक. अंगणवाडीत गोष्ट सांगताना मूल मांडीवर येऊन बसलं आणि तिथून उठावंसं वाटलं नाही, तर पूर्वप्राथमिक. आणि एक चौथी शक्यता असते. वर्गात न आलेल्या मुलांची काळजी तुम्हाला जास्त लागून राहिली असेल, तर शाळेबाहेरचं काम. त्याबद्दल पुढे लिहिते.

दुसरी पायरी : वयाप्रमाणे पदवी

पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका. लोक अजून तिला डी.एड.च म्हणतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, २०१८ मध्ये बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीचं दार उघडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानं ते बंद झालं. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण बी.एड.मध्ये मिळत नाही, हा त्यामागचा मुख्य विचार होता आणि मला तो पटतो. ४२ वजा १७ ची गोष्ट बी.एड.च्या अभ्यासक्रमात फारशी येतच नाही. पण ज्यांनी २०१८ च्या भरवशावर प्रवेश घेतले त्यांच्या मनस्तापाची भरपाई कुणी केली नाही, हेही खरं. म्हणून पाचवीपर्यंतच शिकवायचं असेल आणि कुणी "बी.एड. सगळीकडे चालतं" म्हणालं, तर ऐकू नका.

सहावी ते आठवीसाठी पदवी आणि बी.एड., किंवा पदवी आणि डी.एल.एड. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. डी.एल.एड. करून नंतर पदवी घेतली तर पहिली ते आठवीपर्यंतचं दार उघडं राहतं. खेड्यातल्या, लवकर कमावतं व्हावं लागणाऱ्या मुलामुलींना मी बहुतेकदा हाच रस्ता सुचवते.

बारावीनंतर चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकत्र करण्याचा एकात्मिक अभ्यासक्रम, म्हणजे आयटीईपी, २०२३-२४ पासून सुरू झाला आहे. त्याची प्रवेश परीक्षा एनसीईटी, ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, घेते. यात पायाभूत (पूर्वप्राथमिक ते दुसरी), पूर्वतयारी (तिसरी ते पाचवी), मध्य (सहावी ते आठवी) किंवा माध्यमिक (नववीपासून पुढे) असा एक स्तर निवडून त्याचं प्रशिक्षण मिळतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये २०३० पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता हीच चार वर्षांची पदवी असेल असं म्हटलं आहे. आज बारावीत असलेल्यांनी याचा गांभीर्यानं विचार करावा. संस्था मात्र मोजक्या आहेत. भोपाळची क्षेत्रीय शिक्षण संस्था ही राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीईआरटीची. महाराष्ट्र आणि गोवा तिच्याच कार्यक्षेत्रात येतात, आणि तिथे प्रत्यक्ष शिकवून दाखवायला आवारातच शाळा आहे.

विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करायचं असेल तर डी.एड. किंवा बी.एड. 'विशेष शिक्षण' करा. इथे मान्यता भारतीय पुनर्वास परिषदेची लागते, आणि उत्तीर्ण झाल्यावर तिच्याकडे नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणी नसेल तर प्रमाणपत्राचा उपयोग होत नाही. कर्णबधिर मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

इथेच एक गल्लत दूर करते. बी.ए.ला 'शिक्षणशास्त्र' हा विषय घेतला म्हणजे शिक्षक होता येत नाही. एम.ए. शिक्षणशास्त्र हीसुद्धा शिक्षकाची पात्रता नाही. ती पदवी अभ्यासक्रम तयार करणं, संशोधन, संस्थांमधलं काम, धोरण यांसाठी उपयोगी आहे, आणि तिला आधी बी.एड. लागत नाही. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ इथले एम.ए.चे अभ्यासक्रम चांगले आहेत. एम.एड.ला मात्र आधी शिक्षक प्रशिक्षणाची पदवी लागते, आणि पुढे अध्यापक महाविद्यालयात शिकवायचं असेल तर ती उपयोगी.

पदवीचा विषय : इथे सगळ्यात जास्त जण अडकतात

बी.एड.ला तुम्हाला अध्यापन पद्धती घ्यायची असते, आणि ती तुमच्या पदवीच्या विषयावर ठरते. शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल यांच्या जागा निघतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं तर दहावीपर्यंतच्या जाहिरातीत तुमच्या विषयाचं नाव क्वचितच दिसेल. कनिष्ठ महाविद्यालयात थोड्या जागा असतात, त्याही शहरातल्या. वाणिज्य शाखेचंही तसंच.

म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला विषय निवडतानाच तुमच्या जिल्ह्यातल्या मागच्या भरतीच्या दोन-तीन जाहिराती काढून बघा. गणित-विज्ञानाच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांची टंचाई मी कायम पाहत आले आहे. पण फक्त जागा जास्त आहेत म्हणून न आवडणारं गणित घेऊ नका. गणिताला घाबरणाऱ्या शिक्षकाची भीती मुलांपर्यंत आठ दिवसांत पोचते.

प्रवेश

डी.एल.एड.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या ऑनलाइन फेऱ्यांतून होतो. बी.एड.ला राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. १०० प्रश्न, ९० मिनिटं, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. पदवीला खुल्या गटासाठी ५० आणि राखीव गटासाठी ४५ टक्के लागतात. इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.साठी इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते. फॉर्म भरताना ती खूण करायला विसरलेले विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला हे सगळं जानेवारीतच तहसीलला अर्ज करून काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावरच्या रांगेत उभं राहून कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशाची फेरी, हुकलेल्यांचं रडणं मी पाहिलंय. आणि प्रवेश झाल्यावर शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज लगेच भरा.

कॉलेज निवडताना काय विचाराल

एनसीटीईच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव चालू वर्षाच्या यादीत आहे का, हे आधी बघा. फी शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली असते. तिच्यापेक्षा जास्त कुणी मागितलं तर पावती मागा. शासकीय अध्यापक महाविद्यालयं, मुंबईचं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज किंवा पनवेलचं महाविद्यालय, इथे फी कमी असते. गोव्यात पणजीला निर्मला इन्स्टिट्यूट आणि फोंड्याला दादा वैद्य महाविद्यालय आहे.

मग प्रत्यक्ष जा. प्राचार्यांना भेटू नका, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना भेटा. त्यांना विचारा, "तुमचे सराव पाठ कोणत्या शाळेत होतात? पाठ झाल्यावर मॅडम तुमच्याशी किती वेळ बोलतात?" दहा-पंधरा मिनिटं बसून बोलतात असं उत्तर आलं तर ते कॉलेज चांगलं. "शेरा लिहून देतात" एवढंच असेल तर विचार करा. "पाठ झाले असं दाखवतात" असं कुणी हळूच सांगितलं तर तिथून निघा.

'नॉन-अटेंडिंग' प्रवेशाबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. फी भरा, परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो, असं सांगणारे एजंट तालुक्याच्या गावी भेटतातच. अशी पदवी घेतलेली एक तरुण मुलगी माझ्याकडे आली होती. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षाही पास झाली होती, नोकरीही लागली होती. सातवीच्या वर्गात पहिल्या दिवशी उभी राहिली आणि पस्तीस मुलांसमोर काय करायचं ते तिला कळेना. आठवडाभर ती पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचत राहिली. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, "मला कुणी शिकवलंच नाही हो." त्यात तिचा दोष कमी होता, पण त्या पस्तीस मुलांचा तर अजिबात नव्हता.

एका वर्षाच्या बी.एड.चीही चर्चा आहे. एनसीटीईचा तसा मसुदा २०२५ मध्ये आला. मसुद्याच्या जोरावर कुणालाही पैसे देऊ नका. अधिसूचना, मान्यतापत्र आणि सीईटीची माहिती पुस्तिका, या तिन्हींत नाव दिसेपर्यंत थांबा.

दोन वर्षं कशी घालवाल

पहिल्या सत्रात सूक्ष्म अध्यापन असतं. पाच-सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर वर्गमित्र विद्यार्थी होऊन बसलेले. सगळ्यांना ते नाटकी वाटतं. तरी मनापासून करा. प्रश्न विचारून गप्प बसणं हे कौशल्य तिथेच जमवता येतं. नवा शिक्षक प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःच उत्तर देतो. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. सुरुवातीला ते पाच आकडे फार लांब वाटतात.

मग शाळेतली आंतरवासिता. २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड.च्या दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षात. माझ्या मते अख्ख्या पदवीतला हाच काळ सर्वांत मोलाचा आहे, आणि बहुतेक जण तो पाठ टाचणांची, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यांची, फाइल सजवण्यात घालवतात. रंगीत कागद, कोरीव अक्षरं, प्लास्टिकचं कव्हर. टाचण लिहाच, पण त्यात एक रकाना स्वतःचा वाढवा : 'मुलं इथे काय चूक करतील?' पाठाच्या आदल्या रात्री तो भरा. पाठ झाल्यावर त्याच्या शेजारी लिहा, प्रत्यक्षात काय झालं. अशी चाळीस टाचणं झाली की तुमच्याकडे त्या विषयाचं स्वतःचं पुस्तक तयार झालेलं असतं.

शाळेत असताना फक्त तुमचा तास घेऊन परतू नका. मस्टर कसं भरतात, संचमान्यता म्हणजे काय, पोषण आहाराच्या तांदळाची नोंद कुठे होते, शाळा सोडल्याचा दाखला कसा लिहितात, हे शिकून घ्या. वर्गातली दोन मुलं निवडा, एक भरभर शिकणारं आणि एक अडणारं, आणि आठवड्याला त्यांच्या वहीचं एक पान जपून ठेवा. तारीख टाका. तीन महिन्यांनी ती पानं ओळीनं मांडली की मूल कसं शिकतं ते डोळ्यांना दिसतं.

मुलांची घरची भाषा ऐका. नंदुरबारला भिली किंवा पावरी, पालघरला वारली, गडचिरोलीला गोंडी, लातूर-सोलापूरच्या सीमेवर कन्नड. मूल गप्प असतं तेव्हा शिक्षकांना वाटतं त्याला काही येत नाही. पुष्कळदा त्याला तुमची मराठी येत नसते. त्या भाषेतले पन्नास शब्द शिकून वर्गात वापरा. पहिल्या शब्दालाच मुलं खदखदून हसतील, मग बोलू लागतील.

शाळेबाहेरचं काम

हे काम नवं नाही. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. बालवाडीत मुलं येईनात, तेव्हा त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ मुलांच्या घरच्या अंगणात बालवाडी घेऊन गेल्या. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्राचं नाव 'अंगणवाडी' हेच होतं. मूल येत नसेल तर आपण जायचं, हे त्यांनी करून दाखवलं.

आज या वाटेवर नोकऱ्या आहेत. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याची क्वेस्ट, डहाणूच्या भागातली ग्राममंगल, फलटणची प्रगत शिक्षण संस्था, मुंबईच्या वस्त्यांतून १९९५ मध्ये सुरू झालेली प्रथम, अशा संस्थांना मुलांचं वाचन-गणित समजणारी आणि गावात मिसळणारी माणसं लागतात. टीच फॉर इंडिया आणि गांधी फेलोशिप दोन-दोन वर्षांच्या आहेत, त्यांना बी.एड. लागत नाही. सरकारी बाजूला अंगणवाडी पर्यवेक्षिका, गट साधन केंद्रातले विषयतज्ज्ञ, आणि पुढे लोकसेवा आयोगातून शिक्षण सेवेतली पदं. अंगणवाडी सेविका मात्र त्या गावचीच रहिवासी असावी लागते.

संस्थेत अर्ज करण्याआधी पगाराबरोबर एक गोष्ट विचारा : प्रकल्पाचा निधी किती वर्षांचा आहे? अकरा महिन्यांच्या करारावर बारा वर्षं काम केलेली माणसं या क्षेत्रात आहेत. त्यांचं काम सुंदर आहे आणि त्यांच्या हातात भविष्य निर्वाह निधी नाही.

आणि तयारी म्हणून काय करायचं? एका मुलाचा माग काढा. बीड, अहिल्यानगर, जालना या भागात असाल तर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल निवडा. दिवाळीच्या सुमाराला ते आई-वडिलांबरोबर कारखान्याकडे जातं. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत. हंगामी वसतिगृहात ते का राहिलं नाही? दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी कार्ड त्याला मिळालं का? मजुरांच्या कोप्यांपासून, म्हणजे झोपड्यांपासून, जवळची शाळा किती लांब आहे, आणि पहाटे आई फडावर गेल्यावर धाकट्या भावाला कोण सांभाळतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'तेच मूल' असतं. मग शाळेत बोलावण्याआधी धाकट्याची सोय बघावी लागते, हे तिथे बसल्यावरच कळतं.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीला बसा. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कागदावर असतात. एका बैठकीत मी पाहिलं, इतिवृत्ताची वही फिरली आणि बायकांनी न वाचता सह्या केल्या. पुढच्या वेळी तिथल्या शिक्षकानं वही फिरवण्याआधी एक साधी गोष्ट केली. त्यानं चौथीतल्या एका मुलीला पुस्तक वाचायला उभं केलं. ती अडखळली. तिची आई मागे बसली होती. त्या दिवशी बैठक दोन तास चालली. घरी वाचायला पुस्तकं कधी मिळतील, असं बायकाच विचारत होत्या.

टीईटी, टेट आणि पवित्र

नावं सारखी असल्यामुळे इथे गोंधळ होतो. टीईटी ही पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. प्रत्येकी १५० गुण, अडीच तास. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण, राखीव गटांना राज्यात ५५ टक्के. २०२१ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटीही चालते, आणि तिला शिकत असतानाच बसता येतं, म्हणून शेवटच्या वर्षातच ती देऊन टाका. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ राहिलेल्या जुन्या शिक्षकांनाही ही परीक्षा द्यावी लागणार आहे. तेव्हा 'अनुभवावर भागेल' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुण, त्यातले १२० अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे, दोन तास. ही भरतीची परीक्षा आहे. पास-नापास नसतं, गुणांवर क्रम लागतो. आतापर्यंत ती २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. वर्षं नीट बघा. पहिल्या दोन परीक्षांत पाच वर्षांहून अधिक अंतर होतं. एक हुकली तर किती थांबावं लागेल याचा अंदाज त्यावरून करा. वेळ हा यातला खरा शत्रू आहे : २०० प्रश्नांना १२० मिनिटं. रोज अर्धा तास घड्याळ लावून बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवण्याची सवय पदवीच्या काळातच लावा.

टेटनंतर पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरून पसंतीक्रम द्यायचा. जिल्हा परिषद, महापालिकांच्या जागा मुलाखतीशिवाय आणि खासगी संस्थांच्या मुलाखतीसह. स्वप्रमाणपत्रात विषय, प्रवर्ग आणि माध्यम भरताना शेजारी कुणाला तरी बसवा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. तिथली एक चूक पुढे दुरुस्त करणं फार अवघड जातं. पसंतीक्रम देताना नकाशा उघडून बघा. लांबचा जिल्हा निवडला तर वर्षानुवर्षं तिथे राहायची मनाची तयारी हवी, आंतरजिल्हा बदलीच्या आशेवर निवडू नका. खासगी संस्थेत 'डोनेशन' मागितलं गेलं तर देऊ नका, असं मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला सांगते. विनाअनुदानित शाळेत पाच-सहा हजारांवर राबणाऱ्या आणि उद्या अनुदान येईल म्हणून थांबलेल्या शिक्षकांना मी ओळखते. त्यातल्या काहींची पोरं आता कॉलेजात आहेत.

पगाराचं स्पष्ट सांगते. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन. २०२३ मध्ये ते वाढून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झालं. त्यानंतर नियमित वेतनश्रेणी. घरचं कर्ज असेल तर या तीन वर्षांचा हिशेब आधीच मांडा.

वर्ग मिळाल्यावरचे पहिले पंधरा दिवस

पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान लगेच उघडू नका. वरिष्ठ म्हणतील, अभ्यासक्रम मागे पडेल. त्यांना नम्रपणे सांगा, "पंधरा दिवस द्या." रोज तीन-चार मुलांना एकेकटं जवळ बोलवा, बाकीच्यांना चित्र काढायला द्या. प्रत्येकाला एक साधी गोष्ट वाचायला सांगा आणि पाच गणितं द्या. वाचताना कुठे थांबलं, कोणतं जोडाक्षर गाळलं, कोणती मात्रा सुटली, ते वहीत टिपा. गणितात चूक झाली तर खोडू नका. "कसं केलंस, सांगतोस?" एवढंच विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा.

घरून निघताना पिशवीत काड्यांचे गठ्ठे असू द्या. जास्तीची रबरं घ्या, ती तुटतात.